सोलेभातात नारळ

वेस्ट इंडिजविषयी आमच्या पिढीला जे काही कळलं ते क्रिकेटमुळे, आणि क्रिकेटमुळे जे कळलं ते बहुतेक सगळं घाबरवणारं होतं. १९८३ साली कानपूरच्या कसोटीत माल्कम मार्शलच्या एका चेंडूने सुनील गावसकरांच्या हातातली बॅट उडवली, त्या संध्याकाळी आदिलाबादेत आमच्या गल्लीतल्या चुली उशिरा पेटल्या. आम्ही राहायला आंध्र प्रदेशात, पण गावसकर, पंढरपूर आणि भीमसेन जोशी ही आमची खासगी मालमत्ता होती. तिला कुणी धक्का लावला की जिवाला लागायचं. पानठेल्यावर मग एकच विषय. हे लोक खातात तरी काय? एकाचं म्हणणं, माणशी रोज अर्धा बोकड. दुसऱ्याकडे पक्की खबर होती की उठल्याबरोबर बारा कच्ची अंडी. जिनिंगमधला मुकादम तेवढा वेगळं बोलायचा, "खाण्यानं काही होत नाही गा, अंगातच राहाते ते." पण त्याचं कुणी मनावर घेत नसे, कारण घेतलं असतं तर चर्चाच संपली असती.

खरं उत्तर कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. मार्शलच्या बार्बाडोस बेटाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे कु-कु. भेंड्या उकळायच्या, त्यांच्या बुळबुळीत पाण्यात मक्याचं पीठ टाकायचं, लाकडाच्या चपट्या दांड्याने घोटत राहायचं आणि गोळा जमला की ताटात उपडा करायचा. सोबत उडत्या माशांचं कालवण. मासे सोडा, आमच्या पैनगंगेतले मासे उडत नाहीत. पण भेंडी? गावसकरांची बॅट भेंडीने उडवली ही बातमी तेव्हा पानठेल्यावर आली असती, तर आदिलाबादच्या आयांना ती भाजी पोरांच्या घशाखाली उतरवायला एवढे कष्ट पडले नसते. पुढे २००८ साली बीजिंगला उसेन बोल्ट धावला, तेव्हा त्याच्या वडिलांनी सगळं श्रेय त्यांच्या परगण्यातल्या पिवळ्या कंदाला देऊन टाकलं. म्हणजे पानठेला तिथेही आहे.

या विषयात मी शिरलो तो माझ्या भाचीमुळे. ती लंडनमध्ये नर्स आहे, लुईशमला राहते. खालच्या मजल्यावर जमैकाच्या एक म्हाताऱ्या बाई असतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला कुणी जेवलीस का विचारलं की परदेशही सुसह्य होतो. या बाई नुसतं विचारत नाहीत, डबाच वर पाठवतात. एका डिसेंबरात भाचीने त्या डब्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तपकिरी झाक असलेला भात, त्यात हिरवट करडे दाणे, शेजारी काचेच्या ग्लासात लालभडक सरबत. खाली लिहिलं होतं, "ख्रिसमस स्पेशल, जमैकन."

आत्याने माझा फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि निकाल दिला. "हा तं सोलेभात हाये."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कारण पुण्या-मुंबईचा माणूस सोले म्हटलं की सोलकढी काढतो. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. मार्गशीर्ष-पौषात शेंगा भरतात. आदिलाबादची थंडी तेलंगणात सगळ्यांत कडक. सकाळचं ऊन अंगणात उतरलं की सुपात शेंगा घेऊन बाया बसतात, सोलणं आणि निंदा दोन्ही एका लयीत चालतं. मग त्या दाण्यांचा भात होतो, आमटी होते, वांग्यात घालून भाजी होते, उरलेले ठेचून वड्या होतात. दोन महिने घरातला माणूस सोल्यांखेरीज काही खात नाही आणि तिसऱ्या महिन्यात सोल्यांचं नाव काढलं तर उठून जातो.

आत्याचा निकाल मी थोडा तपासून पाहिला आणि तो कोर्टात टिकण्यासारखा निघाला. जमैकात रविवारच्या जेवणाला कडधान्य घातलेला नारळाच्या दुधातला भात असतोच. एरवी त्यात राजमा. पण ख्रिसमसच्या सुमाराला राजमा बाजूला पडतो आणि ओल्या तुरीचे दाणे येतात. तूर मूळची आपली, मध्य आणि पूर्व भारतातल्या रानांतली; तिचे रानटी भाऊबंद अजून बस्तर-ओडिशाच्या बाजूला सापडतात, म्हणजे आमच्यापासून फार लांब नव्हे. इथून ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेत गेली, किनाऱ्यावरून आत सरकत पश्चिमेला पोचली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर उतरली. आफ्रिकेतल्या माणसांनी ती इतकी आपलीशी केली होती की नव्या मुलखात तिला आफ्रिकेचीच मानलं गेलं. पटानचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांची देशोदेशीची लाखाहून अधिक वाणं तिथल्या बीजपेढीत थंड कपाटांत ठेवलेली आहेत. आमच्या आदिलाबादची बस हैदराबादला जाते. संस्था तिथून जवळच. पण आत्याचं मत असं, की तुरीचं बी कपाटात नाही, मडक्यात राखेत ठेवतात.

आता दोन्हीकडे सोले डिसेंबरातच का? हा प्रश्न मला काही दिवस छळत होता आणि त्याचं उत्तर इतकं देखणं निघालं की मी ते घरात सगळ्यांना सांगत सुटलो आणि घरातले सगळे पांगले. तूर दिवस मोजते. पारंपरिक लांब मुदतीची तूर दिवस आखूड व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. आदिलाबाद विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांच्या किंचित वर. नकाशावर तिथून बोट सरळ पश्चिमेला सरकवलं, अरबस्तान ओलांडलं, सुदान ओलांडला, अटलांटिक ओलांडला, की बोट जाऊन टेकतं हैतीच्या उत्तर किनाऱ्यापाशी. जमैका त्याच्या जरा खाली. म्हणजे इंद्रवेल्लीच्या शेतातल्या तुरीला आणि जमैकाच्या डोंगरातल्या तुरीला सूर्य जवळपास एकाच मापाने दिवस वाटून देतो. डिसेंबरात दोघींच्या पदरात अकरा तास. दोघी मग एकदमच ठरवतात की आता भरावं. इकडे पौष, तिकडे ख्रिसमस. धर्म नंतर आले, शेंगा आधी आल्या.

लाल सरबताचंही तेच. ती अंबाडी. लाल देठाच्या अंबाडीला हिवाळ्याच्या तोंडाशी फूल येऊन गेलं की मागे मांसल, आंबट, रक्तासारखी लाल बोंडं राहतात. जमैकात ती बोंडं आलं घालून रात्रभर पाण्यात भिजवतात, लवंग किंवा त्यांच्याकडची ऑलस्पाइस टाकतात, साखर घालतात. त्याशिवाय ख्रिसमस झाला असं मानत नाहीत. तूर इथून तिकडे गेली तशी अंबाडी तिकडून इकडे आली. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं माहेर आफ्रिकाच सांगतात. हीसुद्धा दिवस मोजणारी, म्हणून हिचीही बोंडं दोन्हीकडे एकाच सुमाराला.

आता आदिलाबादेत अंबाडीला परदेशी म्हणायची कुणाची छाती आहे? आमच्या एका गल्लीत एकाच गठ्ठ्यातली अंबाडी चार चुलींवर चढते. तेलुगू शेजारीण तिचं पप्पू करते किंवा तिखटजाळ पच्चडी. पलीकडच्या मोहल्ल्यात ती गोश्तात पडते, आणि त्या वासासाठी मी बरेचदा त्या रस्त्याने फिरायला जातो. गोंड घरात ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजते. आमच्याकडे तिला तुरीची डाळ, थोड्या कण्या, वरून लसणाची फोडणी, फोडणीत वाळकी मिरची तडतडलेली. आणि दुसऱ्या दिवशी उरलेली भाजी ज्वारीच्या पिठात मळून अंबाडीची भाकर. त्या भाकरीवर जवसाचं तेल. यापुढे मी लिहीत नाही. दुपारची वेळ आहे.

सगळ्यात अस्सल, सगळ्यात गावरान, काळ्या मातीतलं म्हणून आपण पाहुण्यापुढे जे ठेवतो ते ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मातीचं ताट असेल तर आणखी अस्सल. ज्वारी माणसाळली ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, पूर्व सुदानच्या बाजूला. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून निघाला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला, त्याने १६१० साली खडकी वसवली. तो आला तीच साधारण ज्वारीचीही वाट. फरक इतकाच की ज्वारी त्याच्या तीन-चार हजार वर्षं आधी पोचून त्याच्या जेवणाची सोय करून बसली होती. आणि मिरची? १४९३ च्या जानेवारीत कोलंबसाने हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती-डॉमिनिकनवर, तिथले ताइनो लोक मिरची घातल्याशिवाय जेवत नाहीत अशी नोंद केली. जुन्या जगाला मिरचीची लेखी खबर लागली ती कॅरिबियन बेटावरून. ठेच्यातले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. म्हणजे ज्ञानेश्वरांना भाकर मिळत होती, ठेचा मिळत नव्हता, आणि हे आठवलं की भावंडांच्या हालअपेष्टांत आणखी एक भर पडते.

थोडक्यात, भाकर आफ्रिकेची, ठेचा कॅरिबियन. आदिलाबाद जिल्ह्यात आफ्रो-कॅरिबियन स्वयंपाक गेली तीन-चारशे वर्षं अखंड चालू आहे. फक्त हे आत्याला कुणी कळवलं नव्हतं.

कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मंग काय करू? भाकर टाकू का नको?"

उपवासाच्या थाळीचं इथे काढत नाही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची यांच्या अमेरिकन वंशावळीवर मराठीत इतकं लिहून झालंय की एकादशीला आता कुणी दचकत नाही. सीताफळाची मात्र कीव येते. इचोड्याच्या पुढे हायवेला आश्विनात गोंड बाया टोपल्या मांडून बसतात, सगळं रान सीताफळांनी भरलेलं. हे फळ वनवासात रामाने सीतेला दिलं, अशी आमच्याकडे श्रद्धा. वनस्पतिशास्त्र सांगतं की ते अमेरिकेतलं आणि वेस्ट इंडिजमधलं. मी टोपलीपाशी उभा राहून शास्त्राचा विचार करतो आणि अर्धी टोपली घेतो.

यात गंमत आहे, पण सगळी गंमतच नाही. आपल्याकडे दाणे व्यापाऱ्यांबरोबर, गलबतांबरोबर, हळूहळू आले. तिकडे ते साखळदंडातल्या माणसांबरोबर गेले. जहाजावर माणसं जिवंत राहावीत, कारण जिवंत माणसाला भाव होता, म्हणून त्यांच्या सवयीचं धान्य लादलं जाई: चवळी, कंद, भात, आणि ज्वारीही. बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांना ज्वारी देत. उसाची जमीन इतकी मोलाची की अन्न पिकवायला ती वापरणं मालकांना परवडेना. प्रथिनं म्हणून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून खारवलेला मासा यायचा, आणि त्यातला जो युरोपात कुणी घेणार नाही असा, सगळ्यांत हलका माल वेस्ट इंडिजसाठी वेगळा काढलेला असायचा. जमैकात डोंगरउताराचे, मालकाच्या उपयोगाचे नसलेले तुकडे गुलामांना दिले, रविवारी तुमचं तुम्ही पिकवा म्हणून. त्या तुकड्यांवर तूर, कंद, अळू, माठ, भेंडी आली. रविवारीच बाजार, रविवारीच स्वतःच्या भांड्यात स्वतःचं शिजवणं. जमैकन माणूस आजही रविवारच्या जेवणाबाबत इतका हळवा का, हे यातून समजतं. १८३४ साली कायद्याने गुलामी गेली, प्रत्यक्षात १८३८ साली. पण तो टाकाऊ खारा मासा ताटातून गेला नाही. आफ्रिकेतून आलेल्या अकी नावाच्या फळाच्या पिवळ्या गराबरोबर परतून तो आज जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. अपमान इतका चविष्ट करून खाणारी माणसं मला फार मोठी वाटतात. आमच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या ढिगाशी नाक दाबून पुढे सरकणारे प्रतिष्ठित लोक मला दिसतात, तेव्हा त्यांना थांबवून हे सांगावंसं वाटतं. सांगत नाही, त्यांतले काही नातेवाईक आहेत.

मिठाचीच आणखी एक गोष्ट. जमैकातले काही गुलाम मळ्यातून पळाले, डोंगरात राहिले, इंग्रजांशी लढले, आणि १७३९ साली इंग्रजांनाच त्यांच्याशी तह करावा लागला. मरून म्हणतात त्यांना. त्यांच्या अकाँपाँग गावात दरवर्षी ६ जानेवारीला जत्रा भरते आणि पूर्वजांसाठी डुकराचं मटण शिजतं, बिनमिठाचं. कॅरिबियन बेटांवर जुनी समजूत अशी की मीठ खाल्लेल्याला जडपणा येतो, त्याला उडून आफ्रिकेला परत जाता येत नाही. खारवलेल्या माशावर पिढ्या काढलेल्या लोकांची ही समजूत आहे, हे लक्षात घेतलं की पुढे काही बोलवत नाही.

त्याच सुमाराला, पौष अमावास्येला, आमच्याकडे केसलापूरची नागोबा जत्रा. मेसरम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातात आणि येतात. सिरिकोंड्याच्या कुंभाराकडची मडकी लागतात, दुसरी चालत नाहीत. कुळातल्या बाया नैवेद्य रांधतात, नव्या सुनांची नागोबाशी आणि कुळाशी ओळख होते. तोवर सून सून नाही. १९४० साली जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, ते याच डोंगरांत, याच माणसांच्या जमिनीसाठी. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांचं दुखणं काय आहे ते समजून घ्यावंसं वाटलं आणि हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ इथे येऊन राहिले. जत्रेत दरबार भरायला लागला, तो अजून भरतो. कलेक्टर येतात, अर्ज घेतात. मला विचाराल तर दरबारापेक्षा ती मडकी जास्त महत्त्वाची. अर्जाचं काय होतं ते कळत नाही, मडक्यात काय शिजतं ते कळतं.

आत्याचा जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या साली, १९४८ चा. त्याच वर्षी जूनमध्ये एम्पायर विंडरश नावाची बोट कॅरिबियन लोकांना घेऊन लंडनजवळ टिलबरीला लागली होती. भाचीच्या शेजारणीचे आईवडील तसेच पुढच्या एका बोटीने आले. त्या घराण्याने आफ्रिका पाहिली, जमैका पाहिलं, लुईशम पाहिलं. आमच्या आत्याचं सासर-माहेर एकाच गावात, दोन गल्ल्यांचं अंतर. पण ती जागची हलली नाही म्हणून काय झालं, सरकारं हलली. हैदराबाद राज्यात जन्मली, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेली, २०१४ साली तेलंगणात. किनवट तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. तिची सख्खी मावशी किनवटला. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी मावशी परराज्यातली झाली. राजुराही गेलं. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि जोडेघाटसुद्धा दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. एवढं सगळं होत असताना किनवटच्या गाडीने सोल्यांच्या पिशव्या जात होत्या आणि त्याच पिशव्यांतून लोणचं परत येत होतं. त्या जमैकन बाई समुद्र ओलांडत राहिल्या आणि आत्याच्या पायाखालून हद्दी सरकत राहिल्या. डिसेंबरात भातात पडलं ते दोघींच्याही तेच.

अशा वेळी माणसाला वारसा हा शब्द आठवतो आणि मी तो शक्यतो टाळतो, कारण तो आला की मागून मंडप येतो, बॅनर येतो, उद्घाटक येतो. तरी काही बातम्या आनंद देतात. हैतीत लाल भोपळ्याचं सूप मालकांसाठी गुलाम रांधत, त्यांना स्वतःला ते चाखायची मनाई. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर नवीन वर्षाला घरोघरी तेच सूप. २०२१ साली युनेस्कोने ते अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवलं. आमच्याकडे उटनूरच्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाच्या बाया मोहफुलांचे लाडू करतात, आणि आश्रमशाळेतल्या मुलींच्या अंगात रक्त वाढावं म्हणून ते दिले जातात. ज्या फुलाचं नाव काढलं की सभ्य घरात भुवया वर जायच्या, ते आता डब्यात, लेबल लावून. अंबाडीच्या भाकरीवर युनेस्कोची नजर अजून गेलेली नाही. जाऊ नये. गेली तर तिचा आकार ठरेल.

एवढं वाचल्यावर करून न पाहणं शक्य नव्हतं. एका रविवारी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सोले घरचे. पानओवा कुंडीतला, त्रिनिदादच्या बाजूला थाइम म्हणून हाच जाड पानांचा ओवा वापरतात हे कळल्यावर माझा धीर वाढला होता. नारळ आणावा लागला. आदिलाबादेत नारळ देवापुढे फुटतो आणि प्रसादाला तुकडा मिळतो. त्याचं दूध काढून भात शिजवायचा ही कल्पना इथे कोकणाइतकीच लांबची. सगळ्यात अवघड गोष्ट होती मिरची. जमैकात ती अख्खी, देठासकट, शिजत्या भातावर ठेवतात आणि फुटू देत नाहीत. वास भातात उतरावा, तिखटपणा मिरचीतच राहावा.

"तिखट व्हाले नाही पायजे तं टाकली कायले?" आत्याने दारातून विचारलं.

याचं उत्तर जमैकन पाककलेत असेल, माझ्याकडे नव्हतं.

भात झाला. शेजारच्या तेलुगू काकूंना वाटी दिली. त्यांनी विचारलं, हे गोड आहे की जेवणाचं? मोहल्ल्यातले मित्र म्हणाले, गोश्त असतं तर बात बनती. आत्याने दोन घास खाल्ले, बोटांनी दाणे चाचपून पाहिले. "सोले चांगले शिजले," ती म्हणाली. "नारळ कायले घातला? लगन हाये का कोणाचं?" मग उठून ठेचा घेऊन आली आणि त्या कॅरिबियन भातावर कॅरिबियन मिरचीचा ठेचा घालून तिने आणखी एकदा वाढून घेतला.

संध्याकाळी भाचीने व्हिडिओ लावला, फोन खाली शेजारणीकडे नेला. इकडे आत्या, तिकडे त्या बाई, मधे दुभाषी म्हणून भाची, आणि ऐकू येत नाही म्हणून दोघीही आपापल्या भाषेत मोठ्याने बोलत होत्या. नमस्कार-चमत्कार फार झाले नाहीत. त्यांनी विचारलं, भात किती जणांसाठी करतेस? आत्याने विचारलं, सून आहे का, की अजून स्वतःच करते? त्यांनी सांगितलं की सून आहे, पण तिला जमत नाही. आत्याने मान हलवली. हे तिला भाषांतराआधीच कळलं होतं. मापांचा विषय निघाला तेव्हा दोघींनी हाताची ओंजळ करून एकमेकींना दाखवली आणि तो तिथेच मिटला. त्रिनिदादमध्ये एका तिखट लोणच्याला सासू म्हणतात हे मी मधेच सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही. दोघीही सासवा होत्या.

मग लाल सरबत. त्या बाईंनी बरणी उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. आलं ठेचून, लवंग, बोंडं रात्रभर, सकाळी गाळायचं, साखर. आत्या एकेका गोष्टीला हं म्हणत होती. बोंडं आमच्याकडे आहेत, आलं आहे, सगळं आहे. शेवटी त्यांनी दुसरी बाटली दाखवली. भाची जरा घुटमळली, मग म्हणाली, "आत्या, त्यात त्या रम घालतात. दारू. पण न घालता पण चालतं."

आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी आता गुडघ्यांमुळे चुकते एवढंच. तिने माळ नीट केली, चष्मा वर सरकवला आणि फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"रम इथं कोठून भेटन," ती म्हणाली. "मोहाची चालते का, इचार तिले."